वाचकांचे प्रश्न: डॉलर चढला की तेलाचा डबा का महागतो?

या वेळी रुपया-डॉलरवरचे बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार घेतले, आणि पहिल्यालाच जास्त जागा गेलीय, कारण ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातलं आहे.

प्रश्न: मी सांगलीत खाणावळ चालवते. महिन्याला १५ किलोचे तीन डबे तेल लागतं. डबा महागला की दुकानदार म्हणतो, वहिनी डॉलर वाढला. अहो पण सोयाबीन तर आपल्या लातूर-सांगलीत पिकतं, मग डॉलर मधे कुठून आला? फसवतोय का तो मला?

उत्तर: ताई, फसवत नाहीये तो. आपल्याकडे सोयाबीन भरपूर होतं हे खरं, पण १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ किलो, बाकी सगळी पेंड. देशाला जेवढं खाद्यतेल लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं कच्चं तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून, आणि या सगळ्याचं बिल डॉलरमध्ये. आता बंदरात उतरलेलं तेल ज्या भावाला पडतं तोच भाव बाजार धरतो, म्हणजे लातूरच्या मिलमधलं तेलसुद्धा त्याच भावाने विकलं जातं, कारण मिलवाला म्हणणार की बाहेरचं एवढ्याला जातंय तर मी माझं स्वस्तात का देऊ.

हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत. कच्चं सोयाबीन तेल टनाला ११०० डॉलर धरा. डॉलर ८४ रुपयांना असताना ते ९२,४०० रुपयांना पडतं, आणि डॉलर ९० झाला की ९९,०००. तिकडे भाव एका पैशाने वाढला नाही तरी इथे किलोमागे ६ रुपये ६० पैसे चढले. आणि इथेच थांबत नाही, कारण आयात ड्युटी ही टक्क्यात असते आणि ती रुपयातल्या किमतीवर लागते. २०२५ च्या मे अखेरीपासून कच्च्या खाद्यतेलावर सगळं मिळून १६.५ टक्के ड्युटी होती, ती धरली तर किलोमागची वाढ झाली साधारण ७ रुपये ७० पैसे. त्यावर ५ टक्के जीएसटी. म्हणजे तुमच्या १५ किलोच्या डब्यामागे १२० रुपयांच्या आसपास, तीन डब्यांचे साडेतीनशेच्या वर, आणि हे फक्त रुपया घसरल्यामुळे!

कधी कधी मात्र डॉलर जागेवर असतो आणि तरी तेल उसळतं. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली होती, युक्रेनचं युद्ध आधीच सुरू झालेलं, तेव्हा डॉलरपेक्षा तिकडच्या टंचाईने भाव नेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तर आपल्याच सरकारने कच्च्या खाद्यतेलाची ड्युटी ५.५ वरून २७.५ टक्के केली, कारण सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. म्हणजे बघा, तुमची खाणावळ आणि तुमच्याच तालुक्यातला सोयाबीनवाला शेतकरी, दोघांचं हित एकाच डब्यात उलट्या बाजूंनी ओढलं जातं. मला स्वतःला त्या शेतकऱ्याला भाव मिळायलाच हवा असं वाटतं, पण त्याचा सगळा भार गिऱ्हाइकाच्या ताटावर का, हा तुमचा रागही मला पटतो.

एक व्यवहाराचं सांगते. अर्जेंटिनाचं जहाज यायला महिना-दीड महिना जातो, पाम जवळून येतं म्हणून लवकर. त्यामुळे रुपया घसरल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी डबा शंभरने वाढला तर दुकानदाराला जरूर विचारा की दादा हा माल जुन्या भावातला ना. आणि तुमच्या महिनेवारी मेंबरांना आधीच सांगून ठेवा की दर तीन महिन्यांनी दर बघितला जाईल, म्हणजे मधला फटका एकट्या तुमच्यावर पडणार नाही.

प्रश्न: मी नुकताच श्रीलंकेला जाऊन आलो. तिथे २०२२ मध्ये डॉलर ३६० श्रीलंकन रुपयांवर गेला होता, आता ३०० च्या आसपास आलाय, तरी लोक म्हणतात काहीच स्वस्त झालं नाही. असं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कारण त्या लोकांच्या डोक्यात ३६० नाहीये, २०० आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने कित्येक महिने डॉलर २०० च्या आसपास धरून ठेवला होता, आणि ७ मार्च २०२२ ला हात सोडला तसा दोन-अडीच महिन्यांत तो ३६० वर गेला. २०० वरून ३००, म्हणजे परत येऊनही दीडपट.

आणि तिथलं दुखणं नुसतं महागाईचं नव्हतं, डॉलरच शिल्लक नव्हते. इंधन, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, गहू, दूध पावडर सगळं बाहेरचं, आणि व्यापाऱ्याला बँक डॉलरच देईना, त्यामुळे कंटेनर कोलंबो बंदरात येऊन पडलेले आणि दुकानात माल नाही. त्या मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा छपाईला कागद नाही म्हणून पुढे ढकलल्या. पेट्रोलच्या रांगेत माणसं रात्र रात्र उभी होती, ते फोटो आठवले की आजही पोटात कालवतं.

महागाईचा दर सप्टेंबर २०२२ मध्ये ७० टक्क्यांजवळ होता आणि जुलै २०२३ मध्ये ६ टक्क्यांवर आला. इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वर चढून बसलेले आणि आता हळू चढतायत एवढंच. त्यात व्हॅट २०२२ मध्ये ८ वरून १२, मग १५ आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला. पगार काही त्या वेगाने वाढला नाही. मग सांगा, कुठल्या तोंडाने तो माणूस स्वस्ताई आली म्हणेल?

प्रश्न: मी शारजाला असतो. रुपया पडला की घरी पैसे जास्त जातात, ते ठीक. पण मग इथे आपला तांदूळ, तूरडाळ स्वस्त का होत नाही?

उत्तर: तुमचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे रुपया पडल्याचा त्रास तिकडे नाही. पण आपला निर्यातदार बहुतेक वेळा भाव डॉलरमध्येच लावतो. डॉलरमधला भाव तोच राहिला तर तुमच्या दुकानात किंमत तीच, आणि रुपयातला फायदा आधी निर्यातदाराच्या खिशात. चार निर्यातदार भाव पाडायला लागले की मगच थोडं खाली येतं, वर जहाजाचं भाडं, दुकानाचं भाडं आहेच. घरी जास्त रुपये जातात तेव्हा मात्र हे धरून चाला, की आईचा गॅस आणि तेलही त्याच कारणाने महागत असतं, तर तो वाढीव पैसा सगळा शिल्लक पडेल असं नाही.

प्रश्न: बिस्किटाचा पुडा ५ रुपयांनाच मिळतो, मग महागाई कुठेय? (नववीतली एक वाचक, नगर)

उत्तर: छान विचारलंस बाळा. पुडा हातात घेऊन वजन वाच. बिस्किटात मैदा, साखर आणि पाम तेल असतं, आणि पाम तेल डॉलरचं. ५ रुपयाचं नाणं टाकणारं गिऱ्हाईक ६ रुपये देत नाही हे कंपनीला माहीत आहे, म्हणून किंमत तीच ठेवून आतले ग्रॅम कमी करतात. तेलाच्या पाउचचंही तसंच झालंय, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारी तसाच दिसणारा ८०० किंवा ८५० ग्रॅमचा पाउच ठेवलेला असतो आणि घाईत आपण स्वस्त म्हणून तोच उचलतो. एमआरपीजवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापलेली असते, आईबरोबर दुकानात गेलीस की दोन पाउचवरचा तो आकडा तूच वाचून दाखव तिला.