कोल्हापूर ते हैदराबाद विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण 445 किमी. कोल्हापूरचं उजळाईवाडी आणि हैदराबादचं शमशाबाद, दोन्ही एअरपोर्ट जवळपास एकाच अक्षांश पट्ट्यात येतात, त्यामुळे विमान जवळजवळ सरळ पूर्वेला जातं. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे शंभरच्या थोडा वर, 106 किमीच्या आसपास, आणि दोघांत फरक चार अंशांपेक्षा थोडा जास्त, गुणाकार करून बघा, आकडा तिथंच येतो.

वेळ मात्र सव्वा तासाच्या आसपास धरा. कारण या रूटला सहसा एटीआर 72 असतं, पंख्यांचं छोटं विमान, त्याचा स्पीड ताशी 500 किमीच्या आसपास, मोठी जेट 800 च्या वर जातात, म्हणून नुसतं गुगलवरचं अंतर भागिले 800 केलं तर उत्तर चुकतं. हवेत पाऊण-एक तास आणि बाकीचा वेळ टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवर रनवेपर्यंत जाणं-येणं), टेकऑफ आणि शमशाबादला उतरायची लाइन यात जातो. तिकिटावरचा टाइम हा गेट ते गेट असतो हे पण लक्षात ठेवा.

एटीआरमध्ये वरचे रॅक लहान असतात, मोठी केबिन बॅग बसत नाही, ती चेक-इनलाच देऊन टाका. आणि आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हेच विमान घ्या खरंच, रोडने सोलापूरवरून अख्खा दिवस जातो आणि त्यांचे पाय सुजतात, मी बघितलंय. शमशाबादहून शहरात जायला अजून तासभर हातात ठेवा.