तोंड उघडून बघ

लेकरा,

रविवारच्या माजी सैनिक शिबिरात तू हळूच विचारलंस, "सर, तोंड बघणं हे आपलं काम आहे का? डेंटिस्ट आहेत की." समोर रांग होती म्हणून मी गप्प बसलो. घरी येऊन जेवलो, झोप काही येईना. म्हणून हे पत्र.

तुझी अडचण मला कळते. फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांत बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंत सगळं डोक्यात कोंबायचं, त्यात हा म्हातारा आणखी एक बिऱ्हाड आणून टाकतोय. पण मी तुला दात काढायला सांगितलेले नाहीत. तोंड उघडून बघ, एवढंच म्हणतोय.

या माणसांचे दात एकेकाळी मोजले जायचे, हे तुला माहीत आहे का? भरतीला किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे दातांचे गुण, लागतात, कमी पडले तर पोरगं घरी. आत गेलं की १९४१ पासून आर्मी डेंटल कोअर आहेच. पेन्शन घेऊन गावी आला की ती मोजणी संपते. २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आहे, पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्यही असतो, हे मान्य. पण दुखत नसलेल्या तोंडासाठी पाटोद्यापलीकडच्या वाडीवरून दोन एसट्या बदलून कोण जातं? पडसं-खोकला झाला, चक्कर आली की मात्र तो जवळच्या डॉक्टरकडे येतोच. म्हणजे तुझ्याकडे. अमेरिकेतसुद्धा माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात दातांचे उपचार सरसकट मिळत नाहीत, ठरावीक गटांनाच मिळतात. तिथल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी २००५ साली 'स्माइल्स फॉर लाइफ' नावाचा तोंडाच्या आरोग्याचा अभ्यासक्रम काढला, तो काही हौस म्हणून नव्हे.

आता माझं ऐक. एक हवालदार बारा वर्षं माझा पेशंट होता. साखर, बीपी, गुडघे, सुनेची भांडणं, सगळं माझ्याकडे. रात्रीच्या पहाऱ्यावर डोळा लागू नये म्हणून तरुणपणी तंबाखू धरलेली, ती सुटली नाही. एकदा म्हणाला, "सायेब, भाजी झोंबतीय." मी बी-कॉम्प्लेक्स लिहिली. पुन्हा आला, पुन्हा तीच लिहिली. तिसऱ्या वेळी मानेत गाठ घेऊन आला, तेव्हा मी पहिल्यांदा "आ करा" म्हणालो. डाव्या गालात, जिथं तो चिमूट दाबून ठेवायचा बरोबर तिथं, कडा वर आलेली जखम होती. पुढचं सांगत नाही.

ओपीडीत शंभर माणसं असायची, आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. टॉर्च मात्र खिशातच होता. त्याची बायको अजून मशेरी लावते. ऐकत नाही. तिचं तोंड मी दर सहा महिन्यांनी बघतो.

त्यानंतर मी हेकट झालो. केसपेपरवर नाडी, बीपी, वजन यांना रकाने होते, तोंडाला नव्हता. जिथं शिकवत होतो तिथं तीन अर्ज दिले. उत्तर आलं, कागद छापून झालेत. मग रबरी शिक्का करून आणला, "तोंड पाहिले : होय / नाही", आणि रोज सकाळी केसपेपरच्या गठ्ठ्यावर स्वतः मारत बसलो. मागून 'दाताडे डॉक्टर' म्हणायचे. म्हणोत. 'नाही'वर खूण करताना रेसिडेंटचा हात अडखळायचा, मला तेवढंच हवं होतं. रेसिडेंटना पंधरा दिवस डेंटल कॉलेजात पाठवून द्या, हा उपाय मला आजही पटत नाही. तिथं तुम्ही भिंतीला टेकून दुसऱ्याची रूट कॅनाल बघता आणि परत आल्यावर आपल्या पेशंटला "आ करा" म्हणायला विसरता. शिकायचं ते आपल्याच टेबलावर, रोज.

वेळ किती लागतो? दीड-दोन मिनिटं. आधी विचार, "चिमूट कुठं धरता?" आणि तिथंच पहिल्यांदा बघ. कवळी असेल तर काढायला लाव. लाजतात, तरी लाव. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा बघ, मग जिभेखाली. पांढरा चट्टा गॉजने पुसून बघ. निघाला नाही तर लिहून ठेव. त्याचीच तीन बोटं उभी त्याच्या तोंडात जातात का बघ. सुपारीवाल्याची जात नसतील, गाल आतून पांढुरका आणि दोरीसारखा ताठ लागत असेल, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस, पुढे कर्करोगाकडे वळू शकणारा आजार. दोन आठवड्यांत न भरलेली जखम मलम देऊन घरी पाठवायची नाही. बायोप्सीला संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चिठ्ठी द्यायची. शेवटी मान चाचप.

हे डॉक्टरच करू शकतो असंही नाही बरं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये निकाल आला : तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आणि तू एमबीबीएस होऊन मला विचारतेस, हे आपलं काम आहे का!

रागावलो नाही. बरं, कर्करोग सोड. हिरड्या सडल्या की साखर हटत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते. बीपीची अम्लोडिपिन तूच लिहितेस, त्याने हिरड्या फुगतात. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन देतेस, तोंड कोरडं पडून दात मुळाशी किडतात. दात काढायचा म्हणून म्हातारा रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करून बसतो, तेही तुझ्याच पेशंटचं. आता सांग, कुठं तुझं काम संपतं आणि डेंटिस्टचं सुरू होतं? भाकर दुधात कुस्करून खाणारा माणूस 'दात गेले' म्हणत नाही, 'भूक नाही' म्हणतो. आणि आपण टॉनिक लिहितो.

आणखी एक. रविवारी शेवटी शेवटी एक मफलरवाले सुभेदार होते. तू साखर बघितलीस, गोळी वाढवलीस. उठता उठता ते म्हणाले, "ठेचा झोंबतोय आताशा." तू हसून म्हणालीस, "मग ठेचा बंद करा, आबा." मी पलीकडच्या टेबलावर होतो, ऐकलं, आणि माझ्या पुढ्यातल्या माणसाच्या नादात तेही तसंच जाऊ दिलं. त्यांचा नंबर रजिस्टरमध्ये आहे. उद्या सकाळी फोन लाव. सून उचलेल, म्हणेल आबा रानात गेलेत. दुपारी परत लाव.