एकाच कढईतला खिमा पाव

प्रश्न : आमच्या घरी महिन्यातून दोन-तीन रविवार तरी खिमा पाव होतो. माझे यजमान लग्नापूर्वी काही वर्षे मुंबईत नोकरीला होते, त्यामुळे त्यांना तो तिथल्यासारखाच लागतो. वर बोटभर तवंग आणि लोण्यात परतलेले पाव. आता सासऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी तेलकट कमी करायला सांगितले आहे, सासूबाईंना मधुमेह आहे आणि धाकटीला, ती सहा वर्षांची आहे, तिखट अजिबात सोसत नाही. मागच्या महिन्यात मी मटण वगळून नुसत्या सोया ग्रॅन्युल्सचा खिमा केला. तो रबरासारखा लागला, त्याला उग्र वासही येत होता आणि कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही. सात माणसांसाठी रविवारी तीन वेगवेगळे स्वयंपाक करणे मला शक्य नाही. सगळ्यांना चालेल असा एकच खिमा पाव करता येईल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : येईल, आणि त्यासाठी मटण हद्दपार करण्याची गरज नाही. खिमा पाव जड होतो तो मटणामुळे, असा आपला समज असतो. परंतु बोकडाचे मटण, चरबी काढलेली असेल तर, मुळात फारसे चरबीदार नसते. पदार्थ जड करणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा आपण स्वतःच्या हाताने कढईत आणि तव्यावर घालतो, म्हणून आधी त्यांचा हिशेब मांडू.

बोटभर तवंग यायचा तर सात माणसांच्या खिम्याला १५० मिलिलिटरची वाटीभर तेल सहज लागते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात, त्यामुळे या एका वाटीतून साधारण १२०० कॅलरी, म्हणजे माणशी पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी येतात. पावाच्या दोन्ही बाजूंना लोणी लावून परतले तर एका ताटात २० ग्रॅम लोणी जाणे मुळीच अवघड नाही. त्याच्या आणखी १४० ते १५० कॅलरी. शिवाय वाटणात सुके खोबरे असते आणि खोबऱ्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग तेलाचाच असतो. ही बेरीज केल्यावर दिसते की खिम्याचा पहिला घास तोंडात जाण्यापूर्वीच ताटात सव्वातीनशे कॅलरी येऊन बसलेल्या आहेत. लोणी, खोबरे आणि मटणाची चरबी या तिन्हींमध्ये संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या चरबीचा वाटा मोठा असतो आणि आपल्या सासऱ्यांनी सांभाळायची ती हीच.

म्हणून सुरुवात खाटकाच्या दुकानापासून करावी. आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नये, कारण त्यात चरबीचे आणि पडद्याचे किती तुकडे गेले आहेत ते कळण्याचा मार्ग नसतो. रानाचे, म्हणजे मागच्या मांडीचे मटण निवडावे, वरची पांढरी चरबी काढून टाकायला सांगावे आणि समोर उभे राहून खिमा करून घ्यावा. माझा कल सत्तुराने हाताने केलेल्या खिम्याकडे आहे. मशीनचा खिमा फार बारीक होऊन शिजताना त्याचा लगदा होतो, तर हाताच्या खिम्याचा दाणा दाताखाली येत असल्याने मटण कमी असले तरी ते जाणवते. मात्र हाताच्या खिम्यात हाडाची कच राहण्याची शक्यता असते, त्यामुळे घरात लहान मूल असताना तो ताटात पसरून बोटांनी एकदा चाचपून पाहावा. हे पाच मिनिटांचे काम टाळू नये.

आता प्रमाण. सात जणांना नेहमी पाऊण किलो खिमा लागत असेल तर ४०० ग्रॅम घ्यावा आणि उरलेली जागा १०० ग्रॅम अख्ख्या मसुराने भरून काढावी. मसूर दोन तास भिजवून कुकरला एकच शिट्टी द्यावी. दाणा शिजावा, पण फुटू नये. सोयापेक्षा मी मसुराची बाजू घेते, त्याचे कारण असे की शिजलेल्या मसुराचा तपकिरी रंग आणि आकार खिम्यात मिसळून जातो, त्याला स्वतःचा उग्र वास नसतो आणि त्यातील तंतूंमुळे पोटही भरते. मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात हे तंतू कामी येतात.

कृतीत सगळ्यात महत्त्वाचे ते पहिले दहा मिनिटांचे परतणे, आणि घाई होते तीही तिथेच. खिमा चाळणीत पूर्ण निथळू द्यावा. जाड बुडाची लोखंडी कढई चांगली तापवून तीत तेलाचा थेंबही न घालता खिमा टाकावा आणि आच मोठी ठेवावी. आधी तो पांढुरका होतो, मग पाणी सोडतो, कढईत रस्सा झाल्यासारखे दिसते आणि नवख्या माणसाला वाटते की आपले काहीतरी चुकले. तसेच थांबावे. पाणी आटत आले की आवाज बदलतो. खदखद थांबून चरचर सुरू होते, कडेला मटणाची स्वतःची चरबी सुटते आणि दाणे एकमेकांपासून मोकळे होऊन तपकिरी पडू लागतात. हा तपकिरी रंग म्हणजेच खिम्याची चव. वाटीभर तेलात कांदा परतून आपण जी खमंग चव मिळवू पाहतो, ती इथे तेलावाचून मिळालेली असते. सुटलेली चरबी दोन चमच्यांहून अधिक वाटली तर कढई कलती करून ती पळीने काढून घ्यावी.

खिमा बाजूला काढून त्याच कढईत दोन मोठे चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घालावे आणि तीन बारीक चिरलेले कांदे चिमूटभर मिठासह परतावेत. कांदा बुडाला धरू लागला की तेलाची बरणी उचलण्याऐवजी पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवावे. दोन-तीन हबक्यांत कांदा मऊही होतो आणि कढईला चिकटलेला तपकिरी थरही सुटून त्यात उतरतो. त्यानंतर आले-लसूण, हळद, धनेपूड, अर्धा चमचा काळा मसाला आणि दोन टोमॅटो. टोमॅटो गळाले की खिमा व दीड वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवावा. रानाच्या खिम्याला अर्धा तास लागतो. जून मटण असेल तर पाऊण. शेवटच्या दहा मिनिटांत मसूर घालावा.

आता राहिला तो दाटपणा. खोबऱ्याचे वाटण काढून टाकले की रस्सा पाणचट होतो, ही तक्रार मी अनेकींकडून ऐकली आहे, आणि तिचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या घरात डब्यातच असते. भाजलेल्या धान्यांचा, डाळींचा आणि मसाल्यांचा येसर आपण लग्नाच्या आमटीपुरता का राखून ठेवतो, हे मला कळत नाही. दोन चमचे येसर अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून उकळत्या खिम्यात सोडला की पाच मिनिटांत तो मसाल्याला धरून येतो आणि पावात भरल्यावर गळत नाही. येसर नसेल तर भाजलेले डाळीचे पीठ चालेल, पण तो खमंगपणा येणार नाही.

तिखटाचा प्रश्न वेगळी भाजी न करता सुटतो. वर सांगितलेल्या कृतीत मी लाल तिखट घातलेले नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. खिमा तयार झाल्यावर मुलीचा वाटा आणि हवा असल्यास सासऱ्यांचा वाटा आधी काढावा. मग छोट्या कढल्यात दोन चहाचे चमचे तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण लाल करावा, गॅस बंद करून दीड चमचा लाल तिखट टाकावे आणि ही फोडणी उरलेल्या खिम्यावर ओतावी. ती वरच तरंगते, लालभडक दिसते आणि यजमानांना ताटात तर्री दिसल्याचे समाधान मिळते. डोळ्यांचेही एक पोट असते.

पाव लोण्यात न परतता कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक करावेत. लोण्याची चव हवीच असेल तर चहाचा अर्धा चमचा लोणी आतल्या बाजूला, भाजून झाल्यावर लावावे, कारण तव्यावर घातलेले लोणी पाव शोषून घेतो आणि जिभेला ते लागतही नाही. सासूबाईंना दोनऐवजी एक पाव, सोबत काकडी-कांद्याची भरपूर कोशिंबीर आणि लिंबू द्यावे. ‘गव्हाचा पाव’ विकत घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. यादीत जो घटक वजनाने सर्वाधिक तो पहिला लिहितात, त्यामुळे पहिला शब्द मैदा असेल तर पावाचा तपकिरी रंग पाहून फसण्याचे कारण नाही. पावात आणि खारवलेल्या लोण्यात मीठ असतेच. प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपर्यंतच मीठ असावे असे सांगितले जाते, म्हणून खिम्यात मीठ हात राखून घालावे आणि त्या दिवशी पापड-लोणचे वाढू नये.

आपल्या सोयाच्या प्रयोगाविषयी दोन शब्द. माझाही पहिला प्रयोग असाच फसला होता. पाहुण्यांना ‘ओळखा पाहू’ म्हणून वाढला आणि त्यांनी पहिल्या घासाला ओळखला. चूक पदार्थाची नव्हती, पद्धतीची होती. सोया ग्रॅन्युल्स म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाचे दाणे. त्यांत प्रथिने भरपूर असतात, पण ते थेट रश्शात टाकले की वास आत कोंडला जातो. ते मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, पुन्हा गार पाण्यात चोळून पिळावेत आणि मग कोरडे परतावेत. एकूण खिम्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ते घालू नयेत. आणि नुसत्या सोयाच्या भाजीला घरात खिमा म्हणू नये. खिम्याच्या अपेक्षेने बसलेल्या माणसाला ती कधीच आवडत नाही.

सासऱ्यांना मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर मटण, मसूर आणि सोया या सगळ्यांचेच प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

प्रश्न : आमच्याकडे पाव कोणाला फारसा आवडत नाही. ज्वारीच्या भाकरीत खिमा भरून मुलांना सँडविचसारखा देता येईल का? मी करून पाहिले, पण भाकरी दुमडताच तुटते. दुसरे असे की, याच पद्धतीने नान खलियासुद्धा (नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा) हलका करता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : भाकरी तुटते यात आपल्या हाताचा दोष नाही. गव्हात ग्लुटेन असते, त्याच्या जोरावर पोळी वाकते. ज्वारीत ते नसते. पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळले आणि भाकरी पातळ थापली तर ती गरम असेपर्यंत दुमडते, परंतु गार झाल्यावर तिचा स्वभाव पुन्हा जागा होतो. म्हणून भरण्याचा हट्ट सोडावा. छोट्या, तळहाताएवढ्या भाकऱ्या करून त्या तव्यावरून काढल्यावर निखाऱ्यावर किंवा आचेवर थोड्या अधिक कडक कराव्यात, त्यावर घट्ट खिमा पसरावा, वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि कारळाच्या चटणीची चिमूट टाकावी. मुले हातात धरून खातात. यासाठी खिमा मात्र पावाच्या खिम्यापेक्षा कोरडा हवा. येसर एक चमचा जास्त घालावा.

नान खलियाच्या बाबतीत माझे मत विचाराल तर त्याला हात लावू नये. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासाठी हा पदार्थ रांधला जाऊ लागला, असे आपल्या शहरात सांगतात. ते काहीही असो, त्याची तर्री हाच त्याचा प्राण आहे. तो वर्षातून चार वेळा, मन भरून खावा आणि खिमा पाव मात्र नेहमीचा असल्यामुळे तो हलका करावा.

प्रश्न : मुलगा शिकवणीसाठी सकाळी सातला बाहेर पडतो आणि डबा दुपारी एकला खातो. रात्रीचा खिमा पावात भरून दिला तर चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : थंडीत नाही आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. अखंड मटणावरचे जंतू बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणूनच खिमा कुठेही गुलाबी न राहता पूर्ण शिजवायचा असतो. शिजल्यानंतरही तो दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत एक तासच धरावा. सहा तास बंद डब्यात तो ठेवणे धोक्याचे आहे.

रात्री उरलेला खिमा पातेल्यात तसाच ठेवू नये. परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. लागेल तेवढाच काढून वाफा येईपर्यंत गरम करावा. रात्रभर वीज गेली असेल आणि फ्रिज गार राहिला नसेल तर तो टाकून द्यावा. मुलाला डब्यात मसुराची कोरडी उसळ आणि पोळी द्या, आणि खिमा पाव तो घरी आल्यावर ताजा भाजून द्या.