सुटण्यात हुशार आहेस, पण डाव कधी टाकणार?

दोस्ता,

काल ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये तुझा त्या ब्लू बेल्टवाल्याबरोबरचा (व्हाइटच्या पुढचा पट्टा) रोल, म्हणजे सरावाची लढत, कडेला बसून बघितला. पाच मिनिटं तू टॅप केलं नाहीस, म्हणजे हात थापटून हार मानली नाहीस, आणि नंतर पाणी पिताना जाम खूश होतास, पण मला सांग, त्या पाच मिनिटांत तू स्वतःहून काय केलंस रे? त्याला क्लोज्ड गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून पायांच्या कैचीत, घेतलंस, दोन्ही बाह्या घट्ट धरल्यास आणि बसलास, तो काहीतरी करणार मग तू सुटणार, तो परत काहीतरी करणार...

मी पण असाच होतो. व्हाइट बेल्टवर पहिली स्पर्धा, 5 मिनिटांची मॅच, पहिल्याच मिनिटात समोरच्याने पाडलं, 2 पॉइंट गेले, आणि उरलेला सगळा वेळ मी त्याला गार्डमध्ये मिठी मारून बसलो कारण डोक्यात एकच, त्याला पाय ओलांडून बाजूला येऊ द्यायचं नाही, म्हणजे गार्ड पास होऊ द्यायचा नाही. झालाच नाही. पासचे 3 पॉइंट वाचवले आणि 2-0 ने हरून घरी आलो! आपल्याकडे मातीत निकाली कुस्ती म्हणतात ना, तसंच आहे हे, समोरचा 10 पॉइंटने पुढे असला तरी त्याने टॅप केलं की मॅच तुझी.

अटॅक म्हणजे अंगावर धावून जाणं नाही हां, तसं केलंस तर दोन मिनिटांत धापा टाकशील. क्रॉस कॉलर चोक, म्हणजे समोरच्याची कॉलर धरून गळा आवळायचा डाव, त्याचंच बघ, पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणून सगळे हलक्यात घेतात आणि जिउ-जित्सूतला दिग्गज रॉजर ग्रेसी, त्याने वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्लॅक बेल्टवाल्यांना माउंटवरून, म्हणजे अंगावर बसून, त्याच चोकने टॅप करायला लावलं. तू गार्डमधून सुरू कर. तुझा उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये, चार बोटं आत, पार मानेमागच्या टॅगपर्यंत. आता दुसरा हात यायच्या आधीच तो घाबरून स्वतःचा हात गळ्याशी आणणार, तो हात म्हणजे तुझा आर्मबार, कोपराचा लॉक. हात खेचून घेतला तर ट्रँगल, पायांनी गळा आवळायचा. मागे रेलला तर हिप बंप स्वीप, कंबरेच्या धक्क्याने त्याला उलटवून तू वर. म्हणजे तो काहीही करू दे, तुझं पुढचं तयार.

आर्मबार हुकेल, गार्ड पास होईल, साइड कंट्रोलखाली चेपला जाशील. जा की! तुझे एस्केप म्हणजे बँकेतली एफडी आहे, ती आहे म्हणूनच तू रिस्क घेऊ शकतोस, नुसती कुरवाळत काय बसतोस.

महिनाभर हा एकच चोक, आधी नवीन पोरांवर. टॅप किती मिळाले ते मोजू नको, किती वेळा ट्राय केला ते मोज. आणि लॉक हळू लाव, समोरच्याला सोमवारी ऑफिसला जायचं असतं, कोपर लागतं त्याला.

शनिवारी ओपन मॅटला, म्हणजे मोकळ्या सरावाला, ये, मी तुझ्या गार्डमध्ये बसतो, पहिली कॉलर तुला फुकट. फक्त नखं कापून ये, मागच्या वेळचा ओरखडा अजून आहे मानेवर.