रिपोर्टिंग सांभाळून जर्नलचं संपादन जमतं का?

तुमची रेसिडेन्सी संपत आली आहे, लिहायची आवड आहे; रेडिऑलॉजी आणि जर्नलचं संपादन दोन्ही चालेल का, की एक सोडावं लागेल, असं विचारलंत. सोडू नका. रिपोर्टिंग, म्हणजे एक्स-रे-सीटी बघून निदान लिहिणं, थांबलं की संपादकाची नजर बोथट होते, हे मी जवळून पाहिलंय. आमच्यातले बहुतेक जण दिवसा वर्कलिस्ट (वाचायच्या तपासण्यांची यादी) उपसतात आणि रात्री मॅन्युस्क्रिप्ट उघडतात.

का, ते सांगतो. एकदा पित्ताशयाच्या आजारावरचा पेपर आला. आकडेमोड चोख, भाषा सफाईदार, दोन्ही रिव्ह्यूअर (छापण्याआधी पेपर तपासणारे तज्ज्ञ) खूश. एका चित्राखाली लिहिलेलं, 'ऑपरेशनपूर्वीचा सीटी'. आणि पित्ताशय असायला हवं तिथे धातूच्या क्लिपा लखलखत होत्या, म्हणजे पित्ताशय आधीच काढलेलं! लेखकांना विचारलं तर म्हणे चित्रांची अदलाबदल झाली. मग मूळ नोंदी मागवल्या, तेव्हा काही रुग्णांच्या तारखाही जुळेनात. संख्याशास्त्रज्ञाला हे दिसलं नसतं. रोज फिल्म बघणाऱ्याला दिसतं. तेव्हापासून मी पेपर हातात घेतला की आधी चित्रं बघतो, सारांश नंतर.

अमेरिकन रेडिऑलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांचंच बघा. छातीच्या एक्स-रेत हृदयाची कडा पुसली गेली, तर आजाराची सावली हृदयाला लागूनच आहे, हे 'सिल्हूट साइन' म्हणून त्यांनी १९५० मध्ये मांडलं. पुढे 'सेमिनार्स इन रोन्टजेनॉलॉजी' हे नियतकालिक त्यांनीच सुरू केलं आणि संपादित केलं. एका ओळीत शिकवता येईल असं लिहिणं ही त्यांची खासियत, आणि चांगल्या रिपोर्टचं इम्प्रेशन, म्हणजे शेवटचा निष्कर्ष, तरी वेगळं काय असतं?

सुरुवात रिव्ह्यूअर म्हणून करा. पैसे नाहीत, बहुधा नावही छापत नाहीत. निदान-चाचण्यांच्या अभ्यासात काय काय नोंदवायला हवं, याची 'स्टार्ड' नावाची २०१५ ची ३० कलमी यादी आहे, ती जवळ ठेवा. मी मात्र आधी एकच शोधतो: फिल्म वाचणाऱ्याला बायोप्सीचा निकाल ठाऊक होता का? ठाऊक असेल तर सेन्सिटिव्हिटीचा (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले, त्याचा) आकडा फुगलेला समजा. वेळेत, मुद्देसूद रिव्ह्यू देत राहिलात तर संपादक मंडळाकडून विचारणा होते. वर्षं लागतात. ओळखीच्यांचा पेपर आला तर तो दुसऱ्याकडे सोपवायचा. तरी पेपर नाकारला गेला की कॉन्फरन्समध्ये काही जण ओळख दाखवेनासे होतातच.

पहिला रिव्ह्यू गाइडसोबत बसून करा, पण संपादकाला आधी कळवून. मॅन्युस्क्रिप्ट गोपनीय असतं. ते कुठल्या चॅटबॉटमध्ये तर मुळीच टाकू नका.