'सदर' की 'सदरहू'?

प्रश्न असा आला आहे : "पुरवठादारांना पत्रं लिहिताना मी 'सदर माल' लिहिते. साहेब खोडून 'सदरहू माल' करतात, म्हणे त्यानं वजन येतं. बरोबर काय?"

दोन्ही बरोबर. अर्थ एकच, 'वर सांगितलेला'. काहीजण 'वरील', 'खालील'च्या चालीवर 'सदरील' लिहितात, तेही चालून जातं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ छाती, पुढचा भाग, आणि त्यावरून मानाची किंवा मुख्य जागा. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि चांगलाच पसरला. वाड्यातली 'ती' सदर, वर्तमानपत्रातलं 'ते' सदर, आणि 1862 मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू होण्याआधीची सदर अदालत, ही सगळी एकाच घरची मंडळी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी पंचनाम्यातला 'सदर इसम' अजून जागचा हललेला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. 'सदर' म्हणजे नुसतं मागे दाखवलेलं बोट. मागे एकच वस्तू असेल तर ठीक, दोन-तीन असल्या की वाचणारा चाचपडतो. मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होतो, तेव्हा आमच्याकडून असं पत्र गेलं :

"आपण पाठविलेल्या 40 पेट्या व बिल मिळाले. तपासणीत 6 पेट्या भिजलेल्या आढळल्या. तरी सदर माल घेऊन जावा व सदरची रक्कम वजा करावी."

दोन दिवसांनी पुरवठादाराचा टेम्पो दारात, चाळीसच्या चाळीस पेट्या न्यायला! ड्रायव्हरच्या हातात आमचंच पत्र. त्याचं काय चुकलं? चौतीस पेट्यांतला माल तर आम्हाला त्याच दिवशी लागणार होता. पत्र मीच लिहिलं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

"भिजलेल्या 6 पेट्या घेऊन जाव्यात व त्यांची रक्कम बिलातून वजा करावी" एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. वस्तूचं नाव पुन्हा आलं तर पत्र गावंढळ दिसेल, ही भीती आपल्याला शाळेतल्या निबंधानं लावली. व्यवहाराच्या पत्रात 'पेट्या' चार वेळा आल्या तरी कुणी मार्क कापत नाही.

आणखी एक प्रकार, 'सदर पत्राद्वारे कळविण्यात येते की'. पत्राची सुरुवातच इथे, मग वर कुठलं पत्र सांगितलं? इथे म्हणायचं असतं 'या पत्राद्वारे'. खरं तर तेही नको, पत्र हातात आहे म्हणजे पत्रानंच कळवताय. आणि 'कळविण्यात येते' म्हणजे कोण कळवतंय? 'आम्ही कळवतो' लिहा, उद्या फोन कुणाला करायचा ते तरी समजेल.

खरेदीखतात मात्र 'सदरहू' शोभतो. तिथे आधी गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा सगळं लिहून 'यापुढे सदरहू मिळकत' असं नावच ठेवलेलं असतं. बोट कुठे आहे ते पक्कं असतं.

तेव्हा साहेबांना 'सदरहू' हवाच असेल तर लिहा, फक्त त्यापुढे नुसतं 'माल' न लिहिता 'भिजलेल्या 6 पेट्या' लिहा. आणि 'हू' दीर्घ.