मधेच अडलेली कादंबरी, उणे रॉयल्टी आणि संपादकाचं बारा पानी पत्र

या वेळच्या टपालात लिहिण्याच्या अडचणींपेक्षा पैशाचे आणि कराराचे प्रश्न जास्त होते, त्यामुळे उत्तरंही तिकडेच झुकली आहेत. कादंबरीकाराची निम्मी घालमेल हातातला कागद नीट न वाचल्यानं होते, असं आमचं मत आहे. उरलेली निम्मी मात्र खरी असते. सुरुवात तिच्यापासूनच करू.

प्रश्न : दर वेळी तीस-पस्तीस हजार शब्दांच्या आसपास माझं गाडं अडतं. मग मी पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला घेतो. असे तीन खर्डे पडून आहेत. काय करू?

पहिल्या प्रकरणाकडे परत जाणं आधी बंद करा. ते प्रकरण आता चांगलं झालं असणार आणि तरीही पुस्तक अडलेलंच असणार, कारण दुखणं तिथं नाही.

सुरुवातीची प्रकरणं ओळखीवर चालतात. नवी माणसं, नवं घर, एखादं गुपित, एवढ्यावर वाचकही पुढे जातो आणि लेखकही. ऐंशी-नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीत हे भांडवल साधारण पहिल्या तृतीयांशात संपतं. त्यापुढे आधी घडलेल्या गोष्टींचे परिणामच कथा ओढतात. परिणाम पेरलेले नसतील तर लेखणी नेमकी तिथंच थांबते.

तपासणी अशी करा. आतापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड घ्या आणि त्यावर तीनच ओळी लिहा : कोणाला काय हवंय, आड काय येतं, प्रसंग संपल्यावर काय बदललेलं आहे. उदाहरणार्थ : ‘सुमन मामाकडे आईची जुनी पत्रं मागायला जाते. मामा नाही म्हणतो. सुमन परत येते.’ तिसरी ओळ भरल्यासारखी वाटते, पण सुमन आली तशीच परत गेली. हा प्रसंग काढून टाकला तरी पुढचं काही ढासळत नाही. आता तोच प्रसंग असा : मामा पत्रं देतो, पण गठ्ठ्यातून एक काढून खिशात घालतो आणि सुमनला ते दिसतं. आता पुढच्या चार प्रसंगांना काम मिळालं.

सलग दोन-तीन कार्डांवर तिसरी ओळ पोकळ निघाली की पाणी कुठं मुरतंय ते कळतं. ती जागा बहुतेक वेळा तुम्ही थांबलात त्याच्या पाच-सहा प्रसंग आधी सापडते. तरीही ती लगेच दुरुस्त करायला बसू नका. बदलांची एक वेगळी वही ठेवा, तिच्यात ‘मामानं एक पत्र काढून घेतलं’ एवढंच लिहा आणि ते घडलंच आहे असं धरून पुढचं प्रकरण सुरू करा. रोज बसताना मागची दोनच पानं वाचा. काम थांबवताना पुढचं वाक्य काय असणार हे माहीत असतानाच थांबा. ही युक्ती अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे सांगत असत, आणि ती लागू पडते ती साध्या कारणानं : दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही.

वेगाचं म्हणाल तर ५०० शब्द आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे ३२ आठवड्यांत ८०,००० शब्द. ज्यांना रोज २,००० जमतात त्यांच्याकडे बघून उसासे टाकू नयेत. त्यातले बरेच शब्द नंतर कापले जातात.

प्रश्न : पहिल्या कादंबरीच्या ‘२,००० प्रती गेल्या’ असं प्रकाशक म्हणाले होते. आता रॉयल्टीचं विवरणपत्र आलंय आणि बाकी उणे दाखवलीय! मला पैसे परत द्यावे लागणार का?

बहुधा नाही. पण हे उणे कुठून आलं ते समजून घ्या, कारण हा हिशेब दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं पुन्हा समोर येणार आहे.

आगाऊ मानधन म्हणजे रॉयल्टीतलीच उचल. ती फिटेपर्यंत नवा पैसा येत नाही. सोपं म्हणून छापील किंमत १०० धरू, रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे प्रतीमागे १०, आणि आगाऊ २०,०००. म्हणजे २,००० प्रती विकल्या गेल्या की उचल फिटते. मेख ‘गेल्या’ या शब्दात आहे. गेल्या म्हणजे गोदामातून बाहेर पडल्या. त्यांतल्या ३०० दुकानांतून परत आल्या. आणखी ४०० प्रतींचे पैसे प्रकाशकानं ‘पुढे परत येतील’ म्हणून राखून ठेवले. हिशेबात उरल्या १,३००. त्यांचे १३,०००, आणि बाकी उणे ७,०००.

रॉयल्टी छापील किमतीवर नसून प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या निव्वळ रकमेवर असेल तर चित्र आणखी बदलतं. वितरकाला ५० टक्के सूट दिली की प्रकाशकाकडे ५० येतात, तुम्हाला त्यांतले ५. तेव्हा बाकी होईल उणे १३,५००. टक्केवारी तीच, आकडा निम्मा. करार वाचताना ‘किती टक्के’च्या आधी ‘कशाचे टक्के’ हे वाचा, ते यासाठी.

हस्तलिखित दिलं, ते स्वीकारलं गेलं आणि पुस्तक निघालं, तर न फिटलेली उचल परत मागायची नाही असा सर्वसाधारण रिवाज आहे. तरी आपल्या करारातलं कलम डोळ्यांनी पाहा. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी तपासा. राखीव रक्कम किती हिशेबांनंतर मोकळी होणार (दोन-तीन हिशेबांपलीकडे ती अडकून राहू नये). दोन पुस्तकांचे हिशेब एकत्र जोडलेत का (जोडले असतील तर पहिल्याचा तोटा दुसऱ्याची कमाई गिळतो). आणि हिशेबवह्या तपासण्याचा हक्क तुम्हाला आहे का. पुष्कळ करारांत असं असतं की तपासणीत ठरावीक टक्क्यांहून, बऱ्याचदा पाचहून, जास्त फरक निघाला तर तपासणीचा खर्च प्रकाशक देतो.

प्रश्न : दोन कादंबऱ्यांचा करार झालाय, रक्कम बरी आहे. नोकरी सोडू का?

रक्कम बघू नका, तारखा बघा. आगाऊ मानधन सहसा तीन हप्त्यांत येतं : सहीच्या वेळी, हस्तलिखित स्वीकारल्यावर आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर. ‘दिल्यावर’ आणि ‘स्वीकारल्यावर’ यांतही काही महिन्यांचं अंतर पडू शकतं. स्वीकारल्यापासून पुस्तक बाजारात यायला नऊ महिने ते दीड वर्ष धरा. या हिशेबानं दुसऱ्या पुस्तकाचा शेवटचा हप्ता चौथ्या वर्षी हातात येणं काही विशेष नाही.

म्हणून एकूण रकमेतून साहित्यिक प्रतिनिधीचे, म्हणजे एजंटचे पैसे (असेल तर, १५ टक्के हा रूढ दर आहे) आणि कर वजा करा, उरलेल्याला ४८ नं (चार वर्षांचे महिने) भागा आणि आलेला आकडा पगाराशेजारी ठेवा. उचल फिटल्यानंतरची रॉयल्टी या हिशेबात धरू नका. ती आली तर आली.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांची पहिली कादंबरी १८४७ मध्ये निघाली. टपाल खात्यातली नोकरी त्यांनी सोडली १८६७ मध्ये. मधल्या काळात बरीच वर्षं ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. मेल्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं, तर लोकांनी त्यांना कारकून ठरवलं. कथा-कादंबरीकार फ्रान्झ काफ्का यांनी १९०८ पासून १९२२ पर्यंत अपघात विमा संस्थेत नोकरी केली, आणि सुटले ते आजारपणामुळे. नोकरीनं लेखन मरतंच असं यावरून तरी दिसत नाही.

आमचा सल्ला मधला आहे. पहिला खर्डा तुकड्यातुकड्यांनी, दिवसातल्या एका तासात होऊ शकतो. पुनर्लेखन तसं होत नाही, कारण तेव्हा अख्खं पुस्तक एकाच वेळी डोक्यात लागतं. तेव्हा साठवलेली रजा पहिल्या खर्ड्यावर उधळू नका. पुनर्लेखनासाठी सलग तीन आठवडे मिळतील अशी ती राखा. कामाचे तास कमी करून मिळत असतील तर राजीनाम्याआधी ते मागून पाहा.

प्रश्न : संपादकानं बारा पानी पत्र पाठवलंय. हे पुस्तक त्यांना आवडलंय की नाही?

आवडलंय. नकोशा हस्तलिखितावर कोणी बारा पानं खर्च करत नाही.

पोचपावती लगेच द्या, उत्तर मात्र तीन-चार दिवस लिहू नका. मग प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करा : ‘पटलं’, ‘दुखणं बरोबर, औषध चुकीचं’ किंवा ‘अजिबात पटत नाही’. मधला गट सर्वांत मोठा निघतो आणि खरं काम तिथंच असतं. समजा, पत्रात लिहिलंय, ‘बाराव्या प्रकरणातलं भावांचं भांडण लांबलंय, काढून टाका.’ तुम्ही प्रकरण वाचता, भांडण तर झकास आहे. मग ते लांबल्यासारखं का वाटलं? मागे जाऊन बघा. नवव्या प्रकरणात दोन ओळींत घर विकलं गेल्याचं आधीच सांगून टाकलंय. घर वाचणार नाही हे वाचकाला ठाऊक आहे, मग भावांनी कितीही घसे कोरडे केले तरी त्याला काय! त्या दोन ओळी काढा, भांडण एका शब्दालाही हात न लावता उभं राहील. संपादकाला हेच कळवा. औषध बदलल्याबद्दल कोणी रागावत नाही.

क्रम पाळा : आधी रचना, मग प्रसंग, शेवटी भाषा. जे प्रकरण उडणार आहे त्यातली वाक्यं घासत बसण्यात आठवडे जातात. प्रत्येक टप्प्याची प्रत तारीख घालून वेगळी जतन करा. एखादं पात्र काढलं तर फाईलमध्ये नुसतं नाव शोधून भागत नाही. ‘मामा’, ‘थोरला’, ‘तो चष्मेवाला’ असे सगळे उल्लेख शोधावे लागतात, नाहीतर काढून टाकलेला माणूस विसाव्या प्रकरणात खुर्ची सरकवून बसतो. वार, तारखा, ऋतू आणि प्रत्येकाचं वय यांचा एक तक्ता करा. गरोदरपण अकरा महिने चालणं ही कादंबऱ्यांतली जुनी दुर्घटना आहे.

प्रूफं आली की मात्र हात आवरा. तेव्हा फक्त चुका काढायच्या. एक ओळ वाढली तर प्रकरणाच्या शेवटापर्यंतची पानं सरकू शकतात, आणि लेखकानं केलेले बदल अक्षरजुळणीच्या खर्चाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे (बरेचदा दहा) गेले तर वरचा खर्च लेखकाच्या नावे टाकण्याचं कलम अनेक करारांत असतं.

प्रश्न : पुस्तक प्रसिद्ध झालं आणि मी सुन्न झालेय. दिवसभर वाचकांचे शेरे आणि तारे बघत बसते.

हे इतक्या जणांचं होतं की वेळापत्रकातच धरून चाला. वर्षानुवर्षं सोबत असलेलं काम संपतं आणि त्या जागी आकडे येतात. दिवसातून दहादा बदलणारे, आणि आपल्या हातात काडीचंही नसलेले. शेरे विश्वासातल्या कोणालातरी वाचायला सांगा. तथ्याची चूक कोणी दाखवली असेल तर तेवढीच त्यांनी तुम्हाला कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती सुधारता येते. वाईट शेऱ्याला जाहीर उत्तर कधीही देऊ नका. आणि पुढच्या वेळी प्रकाशनाच्या दोन-तीन महिने आधी नव्या पुस्तकाची पहिली दहा-पंधरा पानं लिहून ठेवा. वाईट का होईनात, परत यायला जागा लागते.

प्रश्न : माझी जुनी कादंबरी कुठंच मिळत नाही. प्रकाशक नवी आवृत्ती काढत नाही आणि हक्कही सोडत नाही. करारात ‘सर्व हक्क’ असं लिहिलंय.

आधी हे पाहा की तुम्ही कॉपीराइटच देऊन टाकलाय की प्रकाशनाचा परवाना दिलाय. पहिलं असेल तर मामला वकिलाचा आहे. दुसरं असेल तर करारात हक्क परत मिळण्याचं कलम शोधा. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं कॉपीराइटचं संरक्षण असतं, आणि अनेक देशांत ते ७० वर्षं आहे. कलम नसेल तर तुमचं पुस्तक तेवढा काळ कपाटात बंद राहू शकतं.

जुन्या करारांत ‘पुस्तक उपलब्ध नसल्यास हक्क परत’ असं असायचं आणि ते पुरायचं. आता ई-बुक आणि मागणीनुसार छपाई आल्यावर पुस्तक कागदोपत्री कायम ‘उपलब्ध’ राहतं, विकलं जावो न जावो. म्हणून नव्या करारात आकडा घालून घ्या. मजकूर साधारण असा : ‘सलग दोन हिशेबकाळांत मिळून १०० पेक्षा कमी प्रती विकल्या गेल्यास, लेखकाच्या लेखी मागणीनंतर सहा महिन्यांत प्रकाशकानं नवी आवृत्ती काढावी, न काढल्यास सर्व हक्क आपोआप लेखकाकडे परत येतील.’ आकडा वाटाघाटीनं ठरवा, पण ‘आपोआप’ हा शब्द सोडू नका.

सध्याच्या करारात कलम असेल तर फोनवर बोलून थांबू नका, लेखी मागणी करा. पत्रात कराराची तारीख, कलमाचा क्रमांक आणि शेवटच्या दोन विवरणपत्रांतले विक्रीचे आकडे द्या, आणि पोच मिळेल अशा रीतीनं पाठवा. हक्क परत मिळाल्याचंही पत्र घ्या. पुढचा प्रकाशक ते मागेल. सोबत अंतिम मजकुराची फाईल मागा, उरलेल्या प्रती कमी दरात देतात का तेही विचारा. मुखपृष्ठ मात्र तुमचं नसतं. त्याचे हक्क चित्रकाराकडे किंवा प्रकाशकाकडे असतात, वेगळी परवानगी घ्यावी लागते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही, जुन्या प्रकाशकाच्या आवृत्तीचा असतो, त्यामुळे नव्या आवृत्तीला नवा घ्या.